हॉलच्या अर्जावर 'वादविवाद' लिहू नका (माझा अनुभव)

आधी हेच सांगतो. हॉल पाहिजे असेल तर अर्जावर 'वादविवाद' हा शब्द लिहू नका. माझे अकरा दिवस त्या एका शब्दापायी गेले.

झालं असं, आम्ही चार-पाच जणांनी सांगलीत कॉलेजच्या पोरांसाठी जाहीर वादविवाद ठेवायचं ठरवलं. वक्तृत्व स्पर्धा ढीगभर होतात, पाठ केलेलं भाषण आणि शेवटी एक कविता, त्याचा कंटाळा आलेला. विषय ठेवला 'पूर-दुष्काळाची भरपाई श्रीमंत देशांनीच द्यावी'. २०२२ ला शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत असा निधी काढायचं ठरलं पण कुणी किती घालायचे यावर ओढाताण चालूच आहे, आणि २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली (धोक्याची पातळी ४५) आमच्या पोरांनी स्वतः बघितलीय, त्यामुळं विषय लांबचा वाटणार नाही असा हिशोब. कॉलेजं तयार, परीक्षक तयार. राहिला हॉल.

खिडकीत अर्ज दिला. क्लार्कसाहेबांनी चष्मा वर केला, त्या शब्दावर बोट ठेवलं. "वाद होणार का?"

म्हणलं, साहेब स्पर्धा आहे, दोन बाजू असतात.

"जाहीर पण लिहिलंय. म्हणजे पब्लिक येणार आणि वाद होणार. पोलिसांचं ना-हरकत आणा."

पोलिसांकडं गेलो तर ते म्हणाले आधी हॉलची पावती दाखवा, जागाच पक्की नाही तर ना-हरकत कशाला देऊ. परत खिडकी. साहेब जेवायला. दुसऱ्या दिवशी साहेब ट्रेनिंगला. सापडले तेव्हा त्यांनी विषय वाचला, "श्रीमंत देश म्हणजे कुठले? हे वर विचारावं लागंल." वर म्हणजे पहिला मजला. तिथं सांगितलं खालून टिपणी आली की बघू. सातव्या दिवशी तर माझा अर्जच सापडंना. (दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का तिथल्या तिथं मारून घ्या, मी घेतला नव्हता.)

शेवटी तिथल्या शिपाईमामांना कीव आली. "परिसंवाद लिवा की. अन् ते जाहीर काढा." नवा अर्ज केला, दहा मिनिटांत पावती हातात. हॉल तोच, पोरं तीच, विषय तोच. आनंद झाला का राग आला मलाच कळंना.

स्पर्धा मात्र झकास झाली. बाजू आम्ही अर्धा तास आधी चिठ्ठी टाकून दिल्या, हे नक्की करा, पाठांतर जागेवर मरतं. पूरपट्ट्यातल्या एका पोरीला नेमकी विरोधी बाजू आली. घरात कट्ट्यापर्यंत पाणी चढलेलं तिच्या, आणि बोलायचं काय तर श्रीमंत देशांनीच का द्यावं. ती म्हणाली वर्षाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात चीन-अमेरिकेनंतर आपलाच नंबर आहे. समोरचा पोरगा लगेच उठला, दरडोई बघा, आपलं जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. तर ही शांतपणे म्हणते, "पाणी दरडोई शिरत नाही घरात. आणि पूररेषेत बांधकामं कुणी केली, अमेरिकेनं?" मागची पोरं बाकावर उभी राहिली. तिथं मला वाटलं वसूल झाले अकरा दिवस. साडेनऊ तरी.

अरे हो, शाल-नारळ शेवटी ठेवा, आधी ठेवलं तर पाहुणेच तासभर बोलतात. आणि घंटा, चौथ्या मिनिटाला एक, पाचव्याला दोन, मग माईक बंद, कुणाचाही पोरगा असो.

हॉलचं डिपॉझिट अजून अडकलंय. परवा गेलो तर साहेबांनी पावती बघितली, मग टेबलाखालचा पेपर काढला. म्हणाले, "पावतीवर परिसंवाद आहे. बातमीत तर वादविवाद छापलंय की."