ट्रॉम्बोनवादकावर आदळलेला विजय
बँडमधील धडकांचा विषय निघाला की मला २० नोव्हेंबर १९८२ रोजी बर्कली येथे झालेला कॅलिफोर्निया विरुद्ध स्टॅनफर्ड हा दोन विद्यापीठ संघांमधला अमेरिकन फुटबॉलचा सामना हटकून आठवतो. चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड २०-१९ असे पुढे होते. अखेरच्या किकनंतर कॅलिफोर्नियाचे खेळाडू चेंडू हातोहात फिरवत असतानाच, सामना संपला असे समजून स्टॅनफर्डचा बँड वाद्यांसह मैदानात शिरला. (हा बँड एरवीही रांगेत चालत नाही, एका रचनेतून दुसऱ्या रचनेत तो सैरावैरा धावतो, तेव्हा फार आश्चर्य वाटू नये.) त्या गर्दीतून वाट काढत कॅलिफोर्नियाचा केविन मोएन चेंडूसह गोलरेषेपार पोहोचला आणि थेट ट्रॉम्बोन (एक पितळी फुंकवाद्य) वाजवणाऱ्या एका वादकावर आदळला. गोलरेषा ओलांडल्याच्या गुणांनी कॅलिफोर्निया २५-२० असे जिंकले. माझ्या मते मात्र त्या सामन्याच्या चित्रफितीतील खरा नायक तो ट्रॉम्बोनवादकच आहे.