मोठ्या वयात ऑटिझमची तपासणी: जाण्याआधी काय तयारी करावी

ऑटिझम रक्तात सापडत नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. निदान होतं ते दोन गोष्टींवरून: आज तुम्ही कसे वागता-बोलता आणि लहानपणी कसे होतात. मोठ्या माणसांची गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीपाशी अडते.

तज्ज्ञ नेमकं काय शोधतात ते आधी समजून घ्या. २०१३ साली डीएसएम-५ (मानसिक निदानांच्या निकषांचं अमेरिकन पुस्तक, पाचवी आवृत्ती) आलं तेव्हा ॲस्पर्गर (बोलायला उशीर न झालेल्यांना पूर्वी दिलं जाणारं निदान) हे वेगळं निदान राहिलं नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये आलं. त्यात निकषांचे दोन गट आहेत. पहिल्यात तीन गोष्टी: संवादातली देवाणघेवाण, नजर आणि हावभावांची भाषा, नाती जोडणं आणि टिकवणं. तिन्हींत अडचण असावी लागते. दुसऱ्या गटात चार: त्याच त्या हालचाली किंवा तेच ते बोलणं, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचा अतिशय तीव्र ध्यास, आणि आवाज-उजेड-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. यातल्या किमान दोन हव्यात. आज दिसत नसल्या तरी पूर्वी होत्या, एवढंही चालतं. शिवाय खुणा लहानपणापासूनच्या हव्यात आणि रोजच्या जगण्यात त्यांची खरोखर अडचण व्हायला हवी.

लहानपणाच्या निकषाला एक जोड आहे, ती मोठ्यांसाठी फार मोलाची. जबाबदाऱ्या झेपेनाशा होईपर्यंत या खुणा पूर्णपणे उघड होतीलच असं नाही, आणि पुढे शिकलेल्या युक्त्यांमागे त्या झाकल्याही जातात. ‘शिक्षण झालं, नोकरी टिकली, मग कसला ऑटिझम?’ असं कोणी विचारलं तर उत्तर इथे आहे.

प्रश्नावल्या घरी भरून पाहायला हरकत नाही. एक्यू या प्रश्नावलीत ५० प्रश्न असतात आणि ३२ गुणांची रेषा धरतात, म्हणजे तेवढे किंवा जास्त गुण आले तर ऑटिझमची शक्यता मानतात. आरएएडीएस-आरमध्ये ८० प्रश्न, रेषा ६५. कॅट-क्यू २५ प्रश्नांची, ती मास्किंग, म्हणजे इतरांसारखं दिसण्यासाठी स्वतःच्या खुणा लपवणं, किती होतं हे विचारते. पण गुण म्हणजे निदान नव्हे. सततची चिंता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्यांचेही गुण वर जाऊ शकतात. गुणांचा कागद सोबत न्या, पण त्याच्या जोरावर भांडू नका.

खरी मेहनत उदाहरणांवर करा. ‘मला गर्दी सहन होत नाही’ हे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ते कोणीही म्हणेल. त्याऐवजी असं लिहा: दुकानात ट्यूबलाइटची भिणभिण डोक्यातून जात नाही, यादीतल्या बारापैकी चार वस्तू घेऊन बाहेर पडावं लागतं, घरी आल्यावर दोन तास अंधारात पडून राहावं लागतं. किंवा: फोन लावण्याआधी वाक्यं कागदावर लिहावी लागतात, आणि समोरून वेगळाच प्रश्न आला की आवाज फुटत नाही. काय घडलं, ते निभावण्यासाठी काय केलं आणि नंतर त्याची किंमत काय मोजली, हे तिन्ही हवं. मधला भाग लोक हमखास गाळतात, आणि मग तज्ज्ञाच्या वहीत ‘अडचण नाही’ अशी नोंद होते. निकषांच्या सातही मुद्द्यांखाली आजची दोन आणि लहानपणची दोन उदाहरणं मिळाली तर दोन-तीन पानांत काम होतं.

लहानपणासाठी आई-वडिलांना ‘मी वेगळा होतो का?’ असं विचारू नका. ‘नाही रे, अगदी शहाणा होतास’ हेच ऐकायला मिळेल. बोलायला कधी लागलो, खेळ कसले खेळायचो, कोणते कपडे अंगाला लावू द्यायचो नाही, पाहुणे आले की काय करायचो, असं तुकड्यातुकड्यानं विचारा. ते हयात नसतील तर मोठी भावंडं, मावशी-आत्या, जुनी प्रगतिपुस्तकं. ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही’ हा शिक्षकांचा शेरा सोन्यासारखा असतो. पालक नाहीत एवढ्याच कारणानं तपासणी नाकारली जाऊ नये.

वेळ घेण्याआधी चार प्रश्न विचारा: मोठ्या माणसांचं निदान तुम्ही नेहमी करता का, किती बैठका लागतील, घरचं कोणी लागेल का, लेखी अहवाल मिळेल का. पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

एडॉस-२ ही निरीक्षणाची चाचणी साधारण ४० ते ६० मिनिटांची असते. अस्खलित बोलणाऱ्या मोठ्यांसाठी तिच्यातलं चार क्रमांकाचं मॉड्यूल वापरतात. एडीआय-आर ही ९३ मुद्द्यांची मुलाखत पालकांची घेतात, तिला दीड ते अडीच तास लागतात. चुकतं ते इथे: माणूस सवयीनं नीटनेटका होऊन बसतो, नजर मिळवतो, हसतो, आणि तासाभराची चाचणी त्या मुखवट्यालाच गुण देते. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका की मी आत्ता नजर ठरवून मिळवतोय. हात हलवावेसे वाटले तर हलवू द्या. बोलता येईनासं झालं तर लिहून आणलेली पानं पुढे करा.

चांगला तज्ज्ञ इतर शक्यताही तपासतो: सोशल अँग्झायटी, ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती थांबवता न येणं), जुना मानसिक आघात, एडीएचडी. यात अपमान वाटून घेऊ नका. सोशल अँग्झायटीत लोक काय म्हणतील ही भीती मुख्य असते. ऑटिझममध्ये समोरच्याला काय अपेक्षित आहे हेच पुष्कळदा उमगत नाही. दोन्ही एकत्रही असतात. एडीएचडी आणि ऑटिझम ही निदानं एकाच माणसाला देण्याची मुभा डीएसएममध्ये २०१३ पासूनच आहे, त्यामुळे ‘दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत’ असं आजही कोणी म्हणालं तर ती जुनी समजूत आहे.

अहवालात कोणत्या चाचण्या झाल्या, कोणता निकष कशावरून पूर्ण झाला आणि कामाच्या ठिकाणी कोणत्या सोयी हव्यात, हे लिहून घ्या. उत्तर ‘नाही’ आलं तर कोणता निकष पूर्ण झाला नाही आणि का, हे तिथेच विचारा आणि लेखी मागा. दुसऱ्या तज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर तेच पान सोबत न्यायचं असतं.