मोडलेली घोडागाडी आणि हूड घराणे

प्रवासात गाडी बंद पडली की माणूस आधी चालकाला, मग रस्त्याला आणि शेवटी स्वतःच्या नशिबाला बोल लावतो. मीही त्याला अपवाद नाही. फक्त अलीकडे अशा वेळी मला १७४० सालची एक गोष्ट आठवते आणि राग थोडा निवळतो. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या बटली या खेड्याजवळ कॅप्टन थॉमस स्मिथ या नौदल अधिकाऱ्याची घोडागाडी मोडली, तेव्हा गावच्या पाद्र्याने, सॅम्युएल हूड यांनी, त्याला रात्रीपुरता आसरा दिला, असे सांगतात. जेवणानंतर पाहुण्याने समुद्रावरच्या हकिकती रंगवल्या, पाद्र्याची दोन मुले ऐकतच राहिली आणि निघताना पाहुण्याने त्यांना नौदलात घेण्याची तयारी दाखवली.

१७४१ च्या जानेवारीत आधी धाकटा अलेक्झांडर गेला, मे महिन्यात थोरला सॅम्युएल. घरात कोणी दर्यावर्दी नसताना दोघेही पुढे ॲडमिरल झाले आणि दोघांनाही व्हायकाउंट हा किताब मिळाला. पाहुणचाराची एवढी भरघोस परतफेड क्वचितच कुणाला मिळाली असेल. अर्थात पाहुणाही साधासुधा नव्हता. १७५७ मध्ये ज्या लष्करी न्यायालयाने ॲडमिरल बिंग यांना देहदंड सुनावला, त्याचे अध्यक्षपद याच स्मिथ यांच्याकडे होते.

थोरल्या हूडविषयी मात्र मला मिश्र भावना आहेत. ५ सप्टेंबर १७८१ रोजी, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच आरमाराशी झालेल्या चेसापीकच्या लढाईत त्याची तुकडी पिछाडीला होती. सरळ रांग धरून राहण्याची आणि शत्रूला जवळून भिडण्याची, अशा दोन्ही खुणा सेनापतीच्या जहाजावर एकदम फडकत होत्या. हूडने रांग धरली आणि त्याची जहाजे लढाईत जवळजवळ उतरलीच नाहीत. नंतर त्याने सगळा दोष सेनापती ग्रेव्ह्ज यांच्यावर ढकलला. हुकमाचे अक्षर पाळून त्याचा हेतू बुडवणारी माणसे आपण कचेऱ्यांतूनही पाहतो! पुढच्याच वर्षी, १२ एप्रिलला, सेंट्सच्या लढाईत मात्र फ्रेंच सेनापती द ग्रास याने शरणागती पत्करली ती हूडच्याच जहाजापुढे.

एकदा वाट पडल्यावर घराणे त्याच वाटेने चालत राहिले. हूड बंधूंचे डॉर्सेटमधले दोन चुलतबंधू, अलेक्झांडर आणि सॅम्युएल, हेही नौदलात शिरले (नावे तीच ठेवून या घराण्याने वाचकांचे हाल केले आहेत). त्यांतला अलेक्झांडर १७९८ मध्ये ‘मार्स’ जहाजावर लढताना मारला गेला. सॅम्युएलने १८०६ मध्ये उजवा हात गमावला आणि १८१४ च्या डिसेंबरात मद्रासला देह ठेवला. थोरल्या हूडचा वंशज रिअर ॲडमिरल होरेस हूड १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत, ‘इन्व्हिन्सिबल’ या युद्धनौकेसह बुडाला. दोन वर्षांनी ‘हूड’ नावाची प्रचंड युद्धनौका पाण्यात उतरवण्याचा मान त्याच्या विधवेला देण्यात आला. २४ मे १९४१ रोजी तीही बुडाली. १,४१८ जणांपैकी तिघे वाचले.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात माउंट हूड हा बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. १७९२ मध्ये लेफ्टनंट ब्रॉटन यांनी त्याला थोरल्या हूडचे नाव दिले, पण हूडने तो डोंगर कधी पाहिला नाही. बटलीजवळच्या टेकडीवर हात गमावलेल्या सॅम्युएलच्या स्मरणार्थ १८३१ मध्ये एक उंच स्तंभ उभारला गेला. रस्त्याने जाणाऱ्याला तो दुरूनच दिसतो, गाडी चालू असो की बंद.