तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात येशूचं नाव का घेत नाही

प्रश्न एकच, पण विचारणारे दोन्हीकडचे. जूनमधली पालकसभा संपली की कुणीतरी मागे रेंगाळतं आणि आवाज खाली करून विचारतं, "बाई, तुम्ही ख्रिश्चन ना? मुलांना तसलं काही शिकवत नाही ना?" आणि रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर आमच्याच मंडळीतली वडीलधारी माणसं म्हणतात, "पोरं दिवसभर तुझ्यासमोर बसलेली असतात, आणि प्रभूचा एक शब्द तू काढत नाहीस?" एकांना भीती, दुसऱ्यांना खंत. दोघांनाही मी एकच उत्तर देते, पण दारात उभ्या उभ्या ते धड सांगून होत नाही.

मी कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. वर्गात धर्म शिकवत नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं 28वं कलम सांगतं, आणि मी ते मनापासून मानते. पण हे कलम नसतं तरी मी वर्गात प्रचार केला नसता. त्याचं कारण मला बायबलातच सापडलं.

मार्काच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय काढा. एक श्रीमंत माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून काय करू, असं विचारतो. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. मग त्याने सांगितलं, आहे ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला, आणि येशूने त्याला जाऊ दिलं. त्याच्यामागे शिष्य धाडले नाहीत, अट सैल केली नाही. प्रेम वाटत असूनही जाऊ दिलं, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं.

माझ्या वर्गातलं पाचवीचं पोर असं उठून जाऊ शकतं का? त्याला आईबापांनी पाठवलंय. हजेरी माझ्या हातात, मार्क माझ्या हातात, बिसीऊटच्या, म्हणजे दुपारच्या शालेय जेवणाच्या रांगेत कोण पुढे बसणार तेही मीच सांगते. मी उद्या म्हटलं, हात जोडा, तर सगळी हात जोडतील. मी कावळा पांढरा असतो म्हटलं तरी मान डोलावणारी पोरं ती! अशा ठिकाणी मिळालेला होकार प्रभूला पोचतो असं मला वाटत नाही. तो बाईंना दिलेला होकार असतो.

यावर आमच्या मंडळीतले लोक बाबा पदमनजींचं उदाहरण देतात. ते बेळगावचेच, जन्म 1831 चा. लंडन मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम बेळगावात 1820 पासून चालू होतं. त्या मिशनच्या शाळेत ते शिकले आणि पुढे मराठीतले मोठे ख्रिस्ती लेखक झाले. "शाळेतूनच मिळाले ना?" असं मला विचारतात. मिळाले, खरं आहे. पण ती मिशनची शाळा होती, तिथे बायबल शिकवतात हे पाठवणाऱ्याला ठाऊक असायचं. आणि दुसरं असं की त्यांचा बाप्तिस्मा झाला 1854 मध्ये, तेविशीत. मधली कितीतरी वर्षं मनात घालमेल चालली होती, ती त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. घरची माया, जातीची भीती, पुन्हा पुन्हा मागे फिरणं, सगळं आहे त्यात. शाळेने त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं. निर्णय त्यांनी स्वतः, मोठेपणी, किंमत मोजून घेतला. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं.

भीतीने विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. 2021 च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते आमच्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्येच. तेव्हापासून हा प्रश्न मला जास्त वेळा आणि जास्त हळू आवाजात विचारला जातो. त्यांना मी एवढंच सांगते: वर्ग उघडा असतो, कधीही येऊन मागच्या बाकावर बसा.

पण म्हणून मी माझी श्रद्धा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जाते, असं मात्र कुणी समजू नये. ते मला जमणारच नाही.

आमच्या भागात दिवाळीनंतर साखर कारखाने पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, विजापूरकडच्या. फडाच्या कडेला खोपी पडतात आणि त्यातली काही पोरं आमच्या मराठी शाळेत येऊन बसतात. चार महिने बसतात आणि टोळीबरोबर निघून जातात. त्यांच्यावर वेळ घालवून उपयोग नाही, असं मला अनुभवी माणसांनीही सांगितलंय. असाच एक मुलगा डिसेंबरात पाचवीत आला. उसाच्या पाल्याने हात कोपरापर्यंत चिरलेले. त्याला हातचा घेऊन बेरीज येत नव्हती, पण गाडीत किती मोळ्या बसतात आणि टनाला किती पडतात हे तो झटक्यात सांगायचा. मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, मोळ्यांवरूनच हातचा शिकवायला घेतला आणि माझ्या कपाटातली नवी वही दिली. लगेच मागून एक मुलगी उभी राहिली. "बाई, आम्ही जूनपासून येतोय की. आणि वही त्याला?"

ज्यांनी बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान वाचलंय त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. द्राक्षमळ्याच्या मालकाने सकाळपासून राबणाऱ्याला जेवढी मजुरी दिली तेवढीच शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिली, तेव्हा सकाळचे मजूर हेच बोलले होते. आमच्याकडे ही गोष्ट पटायला कठीण, कारण इथे रोजगाराचा हिशोब सगळ्यांना कळतो. अर्ध्या दिवसाला अर्धी हजेरी. लहानपणी मलाही मालक अन्यायी वाटायचा. शिकवायला लागल्यावर कळलं की सांजेपर्यंत चौकात उभं राहिलेल्या माणसाच्या घरीही तेवढीच भाकरी लागते. चार महिने शाळेत बसणाऱ्या पोराला दहा महिन्यांवाल्याइतकंच गणित लागतं, कदाचित जास्तच, कारण त्याच्या बापाचा हिशोब मुकादम करतो. त्या मुलीला मी गोष्ट सांगितली नाही. तिला त्याच्याशेजारी बसवलं आणि म्हटलं, तू त्याला पाढे म्हणून घे, तो तुला मोळ्यांचा हिशोब दाखवेल. रुसून बसली, पण बसली.

शिकवण्याची रीतही मी येशूकडून घेतलीय. धर्मशास्त्र जाणणाऱ्या एका शास्त्र्याने विचारलं, माझा शेजारी कोण? येशूने शमरोन्याची गोष्ट सांगितली, वाटेत लुटून जखमी पडलेल्या माणसाला दोघं टाळून गेले आणि परक्या शमरोन्याने त्याला सांभाळलं, आणि शेवटी त्यालाच उलट विचारलं, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उत्तर शास्त्र्याच्या तोंडून आलं. मी अपूर्णांक शिकवते तेव्हाही प्रश्न टाकते आणि गप्प राहते. ते गप्प राहणंच अवघड असतं.

मुलं आपण होऊन विचारतात तेव्हा लपवतही नाही. "बाई, तुम्ही कुंकू का लावत नाही?" आमच्यात लावत नाहीत, मी ख्रिस्ती आहे. बस. नाताळला करंज्या नेते, ईदला शेजारच्या वर्गातून शीरखुर्मा येतो.

घरीही हाच नियम, आणि तिथे तो पाळणं फार जड जातं. माझा धाकटा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेला आणि उपासनेला यायचा बंद झाला. नवऱ्याचं म्हणणं होतं की दम देऊन न्यावं. मी नको म्हटलं. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, त्याला ते माहीत आहे. अजून तो येत नाही.

तेव्हा मंडळीतल्या ज्यांना मुलांच्या विश्वासाची काळजी आहे, त्यांना माझं सांगणं आहे. आमची शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची बायबलची शाळा, रविवारी उपासनेआधी भरते. तिथे मी उघडपणे, पोटभर शिकवते, कारण ती मुलं त्यासाठीच येतात. पण आता त्यातली निम्मीअधिक पोरं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमातली आहेत. मराठी बायबल हातात दिलं की जोडाक्षराला अडखळतात, वचन पाठ म्हणतात पण पान उघडून स्वतः वाचता येत नाही. त्यांना शनिवारी संध्याकाळी तासभर मराठी वाचायला शिकवणारं माणूस हवंय. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हॉलची किल्ली द्यायचं कबूल केलंय. मी एकटी पुरत नाही. तुमच्यापैकी कोण येतंय?