दोन एम.ए. कशाला? तुम्ही विचारलेत म्हणून

बी.ए.चे निकाल लागले आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षांच्या तारखा जाहीर झाल्या, की माझ्याकडे तीन प्रश्न येतात. विद्यार्थी विचारतात, एम.ए. मराठीत करू की भाषाविज्ञानात? पालक, आणि क्वचित सहकारीही, विचारतात, मॅडम, तुम्ही दोन-दोन एम.ए. कशाला केलीत? तिसरा प्रश्न भाषाविज्ञान, म्हणजे भाषेच्या ध्वनींचा आणि नियमांचा अभ्यास, हा शब्द ऐकल्याबरोबर कोणीही विचारतो: मग तुम्हाला किती भाषा येतात? या तिसऱ्याचे उत्तर अडीच असे आहे, आणि पोटाचे डॉक्टर इतरांपेक्षा जास्त जेवत नाहीत एवढे सांगून मी तो विषय संपवते. पहिल्याचे उत्तर जमेल तसे देते. दुसऱ्याला मात्र सोळा वर्षे हसून बगल देत आले आहे, आणि त्यामुळे पहिल्याचे उत्तरही दरवर्षी लंगडे पडते, हे मला ठाऊक आहे.

मी बार्शी तालुक्यातली. २००३ साली मराठी हा विशेष विषय घेऊन बी.ए. झाले, तेव्हा दोन ठिकाणचा प्रवेश हाताशी होता: गणेशखिंडीतला पुणे विद्यापीठाचा मराठी विभाग आणि येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचा भाषाविज्ञान विभाग. घरच्यांनी, शिक्षकांनी, मैत्रिणींनी पहिले नाव घेतले. मी दुसरे घेतले. तिसऱ्या वर्षाला असताना बाहेरून आलेल्या एका व्याख्यात्यांनी आमच्या वर्गात फळ्यावर ‘जग’ हा शब्द दोनदा लिहिला आणि एका मुलाला दोन्ही वाचायला लावले. तो एकदाच वाचून थांबला. मग त्यांनी पहिल्याच्या आधी ‘सारे’ लिहिले आणि दुसऱ्याच्या आधी ‘शंभर वर्षे’. मुलाने दोन्ही वाचले आणि दोन्ही ‘ज’ वेगळे उमटले, एक टाळूला जीभ लावून आणि दुसरा दातांच्या मागून. अक्षर एक, उच्चार दोन, अर्थ दोन. आणि कोणी कधी शिकवलेले नसताना सगळा वर्ग ते नेमके जाणत होता. मराठी विशेषची तीन वर्षे होत आली होती, आणि मला जे येतच होते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी दाखवले. एवढ्या भांडवलावर मी विषय निवडला. याला तुम्ही अविचार म्हणत असाल तर म्हणा. एकवीस वर्षांच्या मुलीजवळ याहून मोठे कारण असावे, ही अपेक्षा मला आजही अवाजवी वाटते.

‘मुलगी डेक्कनला शिकते’ असे अण्णा गावात सांगत, आणि ऐकणारा ते डेक्कन जिमखान्यावरचे एखादे महाविद्यालय समजे. पुणे स्टेशनवरून रिक्षा केली तर रिक्षावालाही तेच समजे. १८२१ च्या संस्कृत पाठशाळेपर्यंत मूळ पोहोचणारी, १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उभी राहिलेली आणि १९९० पासून अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा असलेली ही संस्था नावाने मात्र ‘कॉलेज’च राहिली आहे. हे दर वेळी कोणाकोणाला समजावणार, असे तेव्हा वाटे. पुढे ते अशा ठिकाणी समजावावे लागले, की जिथे समजावूनही उपयोग नव्हता.

तिथली दोन वर्षे चांगली गेली, एवढे म्हणून मी पुढे जाऊ शकते, पण एक गोष्ट सांगते. क्षेत्रीय कामाच्या तासाला लमाणी बोलणाऱ्या एक बाई आमच्यासमोर येऊन बसत. आम्ही नऊ विद्यार्थी होतो. आधी ‘हात’, ‘पाणी’, ‘चूल’ असे सुटे शब्द, मग ‘मी भाकरी खाल्ली’, ‘तिने भाकरी खाल्ली’ अशी वाक्ये विचारायची, ऐकलेला प्रत्येक ध्वनी टिपायचा आणि त्यातून नियम शोधायचा. एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने एक नियम फळ्यावर मांडला. बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, ‘तसं म्हातारी माणसं बोलतात, आम्ही नाही.’ दोन आठवड्यांचे काम पुसले गेले आणि मला इतका आनंद झाला, की मी तो शेजारच्या मुलीला समजावूही शकले नाही.

आता २००६. मी नेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाले होते, अर्थात भाषाविज्ञान या विषयात, कारण ज्या विषयात पदव्युत्तर पदवी त्याच विषयात नेट, असा तेव्हाचा नियम होता. एका अनुदानित महाविद्यालयाची मराठीच्या अधिव्याख्याता पदाची जाहिरात आली. जिल्हा आणि गाव सांगत नाही. जाहिरातीत ‘संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के’ असे लिहिले होते, आणि मराठीची ध्वनिव्यवस्था शिकलेल्या माणसाचा विषय मराठीशी संबंधित नसेल, ही शंका माझ्या मनाला शिवली नाही. मुलाखतीचे पत्र आले. अण्णा बार्शीहून परस्पर तिथे आले, डबा घेऊन. मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने गेले.

मूळ कागदपत्रे तपासणाऱ्या लिपिकाच्या टेबलावर एक आखलेला तक्ता होता. त्याने माझी पदवी पारदर्शक पिशवीतून बाहेर काढली, प्रकाशाकडे धरली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारले, ‘विद्यापीठाची पदवी कुठाय? ही कॉलेजची आहे.’ मी अभिमत विद्यापीठाचे सांगितले. त्याने कार्यालयीन अधीक्षकांना बोलावले. अधीक्षकांनी पदवीवरचा विषय मोठ्याने वाचला, ‘लिंग्विस्टिक’, आणि माझ्याकडे न पाहता लिपिकाला म्हणाले, ‘शेऱ्यात विषय भिन्न लिही आणि आत सोड. तज्ज्ञ बघून घेतील.’ लिपिकाने ते लाल शाईने लिहिले. रांगेतल्या उरलेल्या अकरा जणांनी ते ऐकले. त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर एक स्पर्धक कमी झाल्याचा दिलासा मला दिसला. त्यांच्या जागी मी असते तर माझाही चेहरा निराळा झाला नसता.

आत सहा जण होते. विषयतज्ज्ञांपैकी एकांनी माझा शोधनिबंध चाळला. तो बार्शीकडच्या बोलीतल्या क्रियापदांवर होता. ते म्हणाले, ‘हे चांगले आहे, पण हे मराठी नव्हे, हे मराठीविषयी आहे.’ हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे लोकांना ऐकवले, ते त्यांचा कोतेपणा सिद्ध करण्यासाठी. पदवीच्या मुलांना कविता, कथा, कादंबरी शिकवायची असते, वर्षाकाठी एक भाषाविषयक अभ्यासपत्रिका वाट्याला आली तर आली, असे ते पुढे म्हणाले होते. तो भाग मी ऐकवत नसे.

त्याहूनही मी जे गाळत आले ते असे. त्यांनी मला संधी दिली. नवकथेने, म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपास आलेल्या नव्या वळणाच्या कथेने, त्याआधीच्या लघुकथेपेक्षा वेगळे काय केले, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला. बी.ए.ला मी यावर दहा गुणांचे उत्तर लिहिलेले होते. मला चार कथाकारांची नावे आठवली आणि त्यापुढे काही आठवेना, कारण तीन वर्षांत मी एकही कथासंग्रह शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी बोलीकडे वळले आणि बोलीतल्या उच्चारांविषयी दोन-तीन मिनिटे बोलले. मी हुशारी करते आहे हे त्यांना कळले, आणि त्यांना कळले हे मला कळले. ‘त्या बोलीने कथेचे काय झाले?’ त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले. मी गप्प बसले.

संस्थेचे अध्यक्ष शेवटी म्हणाले, ‘ठीक आहे, आम्ही कळवू.’ मराठीत ‘आपण’मध्ये समोरचा माणूस धरलेला असतो आणि ‘आम्ही’मधून तो वगळलेला असतो, हा भेद मी परीक्षेत उदाहरणांसह लिहिला होता. त्या खोलीत तो मला ऐकू आला, आणि आपल्याला हे ऐकू यावे आणि नवकथेवर चार वाक्ये बोलता येऊ नयेत, याचा मला स्वतःचाच राग आला.

अण्णा फाटकाजवळच्या लिंबाखाली डबा उघडून बसले होते. काय विचारले, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, विषय वेगळा पडतो म्हणतात. अण्णा प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांनी स्वतः नोकरी सांभाळून बी.ए. केले होते. ते म्हणाले, ‘मग तेही करून टाक की.’ आणि चटणी पुढे सरकवली. नवकथेचे मी त्यांना सांगितले नाही. ते २०१५ साली गेले, तोवरही सांगितले नाही.

तर दुसरे एम.ए. असे झाले. पुण्यातल्या एका भाषांतराच्या कचेरीत दिवसभर काम करून, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून पुणे विद्यापीठात नाव नोंदवून, २००८ मध्ये मी मराठीची एम.ए. झाले, त्या विषयात पुन्हा नेट दिली आणि घड्याळी तासिकांवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, दोन वर्षे काढल्यावर पूर्णवेळ नेमणूक मिळाली. ‘केवळ पात्रतेसाठी केले’ असे मी म्हणत असे. तेही खरे नाही. महानुभाव पंथाचे जुने गद्य मी या दुसऱ्या खेपेला वाचले, आणि ज्या जुन्या रूपांचे मी तक्ते पाठ केले होते ती रूपे एका चालत्याबोलत्या माणसाच्या तोंडी ऐकल्यासारखी वाटली. साहित्य शिकणाऱ्यांना मी मनातल्या मनात ढिले समजत असे, हे इथे कबूल करते. मात्र याचा अर्थ त्या समितीचे बरोबर होते असा काढू नका. ‘विषय भिन्न’ हा शेरा माझे तोंड उघडण्याआधी लिहिला गेला होता, आणि मी नवकथेवर उत्तम बोलले असते तरी तो तिथेच राहिला असता. किंवा कदाचित राहिला नसता. हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मी २०१२ साली एक लेख लिहिला होता, ‘आवडेल तो विषय घ्या, वाट सापडते’ अशा अर्थाचा. काही विद्यार्थी अजून त्याची छायाप्रत घेऊन येतात आणि मला माझेच दाखले देतात. तो लेख लिहिणाऱ्या बाईला महिन्याच्या एक तारखेला पगार सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, एवढे लक्षात घ्या. वाट सापडली ती दुसऱ्या पदवीमुळे, आणि तिचे शुल्क भरण्याइतकी नोकरी हाताशी होती म्हणून. लेखात यातले अक्षरही नाही. आज तो लेख मी लिहिणार नाही. पण ‘मागणी असेल तोच विषय घ्या’ असा लेखही माझ्याने लिहवत नाही, कारण लमाणी बोलणाऱ्या त्या बाई आठवतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पुणे विद्यापीठात, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, मानव्यविद्यांच्या वाटा मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास इथेच संपत नाहीत. पाली आहे, संस्कृत-प्राकृत आहे, तत्त्वज्ञान आहे, स्त्री अभ्यास केंद्र आहे, नाटक-संगीत-नृत्यासाठी ललित कला केंद्र आहे, आणि परकीय भाषा व पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट आहे. भाषाविज्ञानासाठी डेक्कन कॉलेजखेरीज मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला विभाग आहे. इतिहासाला जाणार असाल तर प्रवेशाआधीच्या सुटीत मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि मोडी न येणाऱ्याला रुमाल सुटला काय आणि बांधलेला राहिला काय, सारखेच. तत्त्वज्ञान आणि पाली यांच्याविषयी मी ऐकीव सांगणार नाही; त्या विभागांत जाऊन एक तास मागच्या बाकावर बसा.

नव्या शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रात २०२३-२४ पासून दोन वर्षांचे एम.ए. ८८ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) झाले आहे. पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते, आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एम.ए. एका वर्षात होते. एम.फिल. तर २०२२ च्या नियमावलीने बंदच झाले. पालक या सोयींविषयी बारकाईने विचारतात. माझे म्हणणे असे, की एका वर्षात बाहेर पडण्याची सोय चांगलीच आहे, पण माझा फळ्यावरचा नियम पुसला गेला तो दुसऱ्या वर्षी.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले, तेव्हा आता जागा निघतील ना, असेही विचारले जाते. जागा निघतील तेव्हा निघतील. जाहिरातीत ‘संबंधित विषय’ हे दोन शब्द असतील आणि त्यांचा अर्थ तुम्ही नव्हे, टेबलापलीकडची माणसे लावतील. अध्यापनातच जायचे असेल आणि दोन पदव्यांइतका वेळ व पैसा घरात नसेल, तर आधी मराठी घ्या, असे मी आता सांगते. बोलती यंत्रे आणि भाषांतराची साधने घडवणाऱ्यांना ध्वनी आणि व्याकरण जाणणारी माणसे लागतात, तेव्हा भाषाविज्ञानवाल्यांची अवस्था माझ्या वेळेइतकी वाईट राहिलेली नाही, हेही सांगते. ही दोन वाक्ये एकमेकांना काटतात, हे मला दिसते.

या वर्षी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मी हे सगळे, नवकथेसकट, पहिल्यांदाच सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘पण मॅडम, तुम्ही पुन्हा निवडायचे झाले तर?’ मी विभागाची किल्ली शोधू लागले. परवा तिने दोन्ही अर्जांचे शुल्क भरले. दोन्ही प्रवेश परीक्षा एकाच दिवशी आल्या तर ती कुठे जाईल, हे तिने सांगितलेले नाही आणि मी विचारलेलेही नाही.