नदीच्या पाण्यात सिप्रो सापडेना तेव्हा

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मुळा-मुठेच्या पाण्यात तीन औषधं मोजायची होती: सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो, एक अँटिबायोटिक), डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) आणि कार्बामॅझेपिन (फिट्सवरचं औषध). बाटल्या, बर्फाचा डबा, गाळणं, कार्ट्रिज (पाण्यातलं औषध धरून ठेवणारी छोटी नळी), सगळं आठवड्याभरात जमलं. पुढचे पाच आठवडे मी एका आकड्यापाशी अडकून होते.

डिस्टिल्ड पाण्यात मोजून सिप्रो टाकलं की जवळपास सगळं परत मिळायचं. तेवढंच नदीच्या पाण्यात टाकलं की निम्मंही हाती लागेना. औषध मोजायचं मशीन दुसऱ्या प्रयोगशाळेत. दर खेपेला फॉर्म, गाइडची सही, मग आठ-दहा दिवसांनी नंबर. फॉर्मवर 'नमुन्याचा प्रकार' एवढा एकच रकाना, त्यात 'पाणी' लिहायचं. पीएच विचारत नाहीत, हार्डनेस विचारत नाहीत. आणि उत्तर ठरलेलं: 'तुमचं एक्स्ट्रॅक्शन चुकतंय.' म्हणजे पाण्यातून औषध वेगळं काढण्याची पायरी. तो रकाना आठवला की मला अजून चीड येते. सगळं पाणी एकच असतं का?

कार्बामॅझेपिन मात्र दोन्ही पाण्यांत व्यवस्थित येत होतं. म्हणजे हात माझा चुकत नव्हता. त्याच सुमारास आईला सिप्रोच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, दुधाबरोबर घेऊ नका. दुधातल्या कॅल्शियमला सिप्रो धरून बसतं, अंगात नीट शोषलं जात नाही. मग नदीच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह त्याला कसं सोडेल? कार्बामॅझेपिनवर विद्युतभार नसतो, म्हणून ते सुटलं.

दुसऱ्या दिवशी कार्ट्रिजमधून पाणी सोडण्याआधी त्यात ईडीटीए घातलं. ते धातूंना पकडतं, सिप्रो मोकळं होतं. आकडा वर चढला तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच होते, आणि मला रडू आलं. उरलेली तूट मशीनमधली होती: नदीत विरघळलेले सेंद्रिय पदार्थ औषधाचा सिग्नल दाबतात. त्यावर उपाय म्हणून ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं, मशीनला वेगळं ओळखू येणारं) सिप्रो अगदी सुरुवातीलाच मोजून नमुन्यात घाला; तेही तेवढंच दबतं, म्हणून तूट हिशेबात धरता येते. महाग आहे, पण तिथे काटकसर नको.

डायक्लोफिनॅकची अडचण वेगळी. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा) ४च्या आसपास, त्याहून वरच्या पीएचला बहुतेक रेणूंवर भार असतो, म्हणून नमुना पीएच २-३ पर्यंत आम्लात न्यावा लागतो, तरच ते कार्ट्रिजला नीट चिकटतं.

नळाचं पाणी घेणार असाल तर क्लोरीन मारायला अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बाटलीत आधीच टाकून न्या, नाहीतर वाटेतच औषध मोडतं. आणि पीएच नदीकाठीच मोजा. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड उडाला की प्रयोगशाळेत वेगळाच आकडा दिसतो.