सुलकाटा कासवाचे पिल्लू आणि त्याचा कागद

आफ्रिकेतल्या सुलकाटा जातीच्या कासवाचे पिल्लू दापोलीच्या दमट हवेत जगते का, असे मला बरेच जण विचारतात. जगते, आणि चांगले वाढते. त्याला खाऊ घालणे मुळीच कठीण नाही. मला घाम फोडला तो त्याच्या नोंदणीने. तेव्हा आधी खाण्याचे सांगून मोकळा होतो.

हे कासव सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातले आहे, त्यामुळे त्याला तंतुमय चारा भरपूर, प्रथिने बेताची आणि कॅल्शियम मुबलक लागते. आमच्याकडे मुख्य अन्न परसातले गवत आणि दूर्वा हेच असते, पिल्लाला चावता यावे म्हणून बारीक चिरलेले. जोडीला जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने आणि काटे काढलेले फड्या निवडुंगाचे पान. फळे देऊ नयेत, कारण जास्त साखरेने त्याचे पोट बिघडते. मे महिन्यात माळ्यावर आंब्याची आढी लागलेली असली आणि पाहुणे फोड हातात घेऊन उभे असले तरी हा नियम मोडायचा नाही. पालकही रोज नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री प्राण्याचे आतले पांढरे कवच, उत्तम. हर्णैच्या किनाऱ्यावर तो वाहून येतो. गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत मीठ काढून, उन्हात वाळवून ठेवावा आणि पिल्लाला कुरतडू द्यावा.

आता नोंदणी. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारातल्या प्राण्यांसाठी वेगळी चौथी अनुसूची आली. सुलकाटा त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 28 फेब्रुवारी 2024 रोजी त्यासाठीचे नियम निघाले, आणि असा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांच्या आत परिवेश या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करणे बंधनकारक झाले. अर्ज मी एका बैठकीत भरला, एक हजार रुपये शुल्कही भरले. पडताळणीसाठी कागद एका कार्यालयात गेले आणि तिथेच रुतले.

विक्रेत्याने दिलेल्या पावतीवर ‘कासव, 1 नग’ एवढेच लिहिलेले होते. टेबलामागचे साहेब ‘कासव पाळणे गुन्हा आहे’ यापुढे एक शब्द ऐकायला तयार नव्हते. स्टार कासव किंवा आपल्या रानातले कोणतेही देशी कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हे मलाही मान्य होते. परंतु परदेशी जातीसाठी सरकारनेच नोंदणीची वाट काढली आहे, आणि तीच वाट धरून मी आपल्या पायांनी तुमच्या दारात आलो आहे, हे त्यांना पटेना. चोरून पाळणारा माणूस फाइल घेऊन कार्यालयात कशाला येईल, हा माझा प्रश्न त्यांना उद्धटपणाचा वाटला. त्यांनी फोटोतला पिवळसर रंग पाहिला आणि हे स्टारच असल्याचा निर्वाळा दिला.

पुढच्या खेपेला त्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ होते. ते प्रेमळ होते, आणि त्यामुळे अधिक त्रासदायक ठरले. “काका, वेळासला दरवर्षी पिल्ले समुद्रात सोडतात ना? तुम्हीही हे सोडून द्या, विषय मिटेल,” असे त्यांनी सुचवले. वेळासला सोडतात ती ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्ले, त्यांना वल्ह्यासारखे पाय असतात. माझ्या कासवाचे पाय खांबासारखे आहेत आणि लाटेत टाकले तर ते बुडून मरेल, हे मला सरकारी टेबलासमोर उभे राहून समजावून सांगावे लागले. मग “जंगलात सोडा” असा सल्ला मिळाला. परदेशी प्राणी आपल्या रानात सोडू नये, हे वास्तविक त्यांनी मला सांगायला हवे होते.

शेवटी मी वाद घालणे थांबवले आणि कागद वाढवले. विक्रेत्याच्या मागे लागून सेंट्रोकेलिस सुलकाटा हे शास्त्रीय नाव असलेली नवी पावती मिळवली, पशुवैद्यकांकडून जात ओळखल्याचे पत्र घेतले, आणि वरची पाठ, पोटाकडची बाजू व पुढचे पाय यांचे स्वच्छ फोटो एका पानावर लावून, स्टार कासवाच्या काळ्या कवचावर ताऱ्यासारख्या पिवळ्या रेषा असतात आणि सुलकाटाच्या मातकट कवचावर त्या नसतात, असे खाली लिहिले. अर्जाची पोच तारखेसह मागून घेतली, आणि तोंडी दिलेला नकार प्रत्येक वेळी लेखी मागितला. लेखी कोणीच देत नाही, पण मागितल्यावर कागद हलतो. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा मला आनंद झाला नाही, फक्त राग थोडा उतरला. ज्या पावतीवर शास्त्रीय नाव नाही ती घेऊन दुकानातून बाहेर पडूच नये, एवढे मात्र ठामपणे सांगतो.

पिल्लू या काळात निवांत होते. कोरड्या हवेत वाढलेल्या सुलकाटाच्या पाठीवर उंचवटे येतात, त्यामुळे आपला दमटपणा त्याच्या पथ्यावरच पडतो. ओल आणि गारवा एकत्र आले की मात्र नाक वाहू लागते. म्हणून पावसाळ्यात काथ्याच्या भुशाचा थर किंचित ओलसर, पण एक कोपरा दिव्याखाली साधारण 35 अंशांवर ठेवावा. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, नळी वेगळी लागते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्या कामी उपयोग नाही. वीज जाणार हे धरूनच चालावे आणि दिवे इन्व्हर्टरवर घ्यावेत. दिवसातून एकदा हनुवटीपर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवले की ते पाणी पिते आणि पोटही साफ होते.

वर लिहायचे राहिले ते असे, की हापूसच्या कलमांखालचे गवत फवारणीच्या हंगामात आणू नये, आणि कण्हेरीचे पानही त्याच्या वाटेत पडू देऊ नये. अंगणात सोडल्यावर कावळा आणि मुंगूस यांच्यावर लक्ष ठेवावे लागते, निदान ते तळहाताएवढे असेपर्यंत. पुढे ते 40 किलोंच्याही वर जाते आणि खोल बिळे खणते, त्यामुळे चिऱ्याच्या गडग्याचा पाया जमिनीत चांगला खाली घ्यायला मी गवंड्याला आताच सांगून ठेवले आहे.